एलीज चोझन सिक्स : येलच्या पोरांचा जुन्या जॅझचा बँड

पितळी_सूर

न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावरची ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ ही फिल्म इथल्या जॅझवेड्यांनी पाहिलेली असणार. महोत्सव १९५८ सालचा. लुई आर्मस्ट्राँग, महालिया जॅक्सन, थेलोनियस मंक, अनिता ओ'डे, चक बेरी अशी मंडळी पडद्यावर असल्यावर मधूनमधून दिसणाऱ्या काही पोरांकडे लक्ष जात नाही. जुनाट उघड्या मोटारीत दाटीवाटीने बसून ती डिक्सीलँड, म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या वळणाचा जुना जॅझ, वाजवत गावभर हिंडतात. या बँडचं नाव ‘एलीज चोझन सिक्स’. सगळे येल विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यातला ट्रॉम्बोनवाला म्हणजे रॉझवेल रड.

फिल्म पाहणाऱ्याला ही पोरं म्हणजे दोन मोठ्या कलाकारांमधली विरंगुळ्याची जागा वाटते. माझं मत वेगळं आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतोय. पुढच्या सहा-सात वर्षांत अमेरिकन जॅझमध्ये जे सगळ्यात धाडसी वादन झालं, त्याचं एक मूळ या हौशी बँडात आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९४०च्या दशकाच्या मध्यापासून बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या नव्या शैलीने जॅझची भाषा बदलली. गंमत अशी की नेमक्या त्याच काळात न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या वादनाला पुन्हा दिवस आले. सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्सचा बँड किंग ऑलिव्हरच्या १९२३ सालच्या ध्वनिमुद्रिका समोर ठेवून वाजवू लागला. बंक जॉन्सन हा विस्मृतीत गेलेला म्हातारा ट्रम्पेटवादक शोधून काढून १९४२ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका केल्या गेल्या. ही लाट कॉलेजांत पोचली आणि १९५०च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या विद्यापीठांत डिक्सीलँड बँड निघाले. प्रिन्स्टनमध्ये स्टॅन रुबिनचा ‘टायगरटाउन फाइव्ह’ होता, येलमध्ये हा ‘एलीज चोझन सिक्स’. फुटबॉलचे सामने, नाच, विद्यार्थ्यांच्या मेजवान्या, सगळीकडे या बँडना बोलावणं असे.

येल ज्या गावात आहे त्या न्यू हेवनहून न्यूयॉर्क रेल्वेने साधारण दोन तासांवर. तिथे सेकंड अव्हेन्यूवर सेंट्रल प्लाझा नावाच्या हॉलमध्ये शुक्रवार-शनिवारच्या रात्री जुन्या वादकांच्या मैफली होत आणि कॉलेजची पोरं तिथे गर्दी करत. म्हणजे ज्यांच्या तबकड्यांवरून ही पोरं शिकली त्यातले कितीतरी जण अजून हयात होते, वाजवत होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तबकडीवरून सूर कळतात. पण कुणी कधी थांबायचं, कुणाकडे बघायचं, दुसऱ्याला जागा कशी द्यायची, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही.

रडचं घरच वाजतं होतं. जन्म १९३५, कनेटिकटमधल्या शॅरन गावचा. वडील हौशी ड्रमवादक, घरी जुन्या जॅझच्या तबकड्या आणि मित्रांच्या बैठका. पोरगा आधी फ्रेंच हॉर्न शिकला, मग ट्रॉम्बोनकडे वळला तो जवळजवळ स्वतःच्या बळावर. येलमध्ये या बँडात आला. बँडचे दोन अल्बम निघाले, त्यातला एक कोलंबियासारख्या बड्या कंपनीने काढला. विद्यार्थ्यांच्या बँडला हे सहज मिळणारं नव्हतं.

याच बँडात काही काळ बास वाजवणारा दुसरा एक येलचा मुलगा म्हणजे ब्युएल नाइडलिंगर. मूळचा चेलोवादक. तो न्यूयॉर्कला गेला आणि पियानोवादक सेसिल टेलरच्या चौकडीत दाखल झाला. १९५६ सालचा टेलरचा पहिला अल्बम ‘जॅझ अ‍ॅडव्हान्स’ ऐका, त्यात बास याचा आहे. टेलरचं वादन त्या काळी इतकं अनोळखी होतं की भलेभले दचकत. डिक्सीलँड वाजवणारा पोरगा तिथे तग धरतो, इतकंच नाही तर १९६१ पर्यंत टिकतो, हे कसं?

रडचंही तेच. न्यूयॉर्कला आल्यावर तो पोटासाठी डिक्सीलँड वाजवत होता आणि १९६१च्या जानेवारीत नाइडलिंगर आणि टेलर यांच्याबरोबर स्टुडिओत होता. १९६४ मध्ये सॅक्सोफोनवादक आर्ची शेपच्या ‘फोर फॉर ट्रेन’ या अल्बमवर तो आहे. त्याच वर्षी जॉन चिकाई आणि मिलफर्ड ग्रेव्ह्ज यांच्याबरोबर ‘न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट’ उभं केलं. पियानो नाही, ठरावीक स्वरसंगतीचा दोर नाही, ठेका मोजून दाखवणारा ड्रम नाही. चिकाईचा सॅक्सोफोन आणि रडचा ट्रॉम्बोन एकमेकांभोवती फिरत राहतात.

लोक म्हणतात, रडने जुनं सोडून नवं धरलं. मला वाटतं त्याने काहीच सोडलं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या वादनात सगळे एकाच वेळी उपज करतात. मधल्या काळात, स्विंग (१९३०च्या दशकातला मोठ्या बँडचा नाचाचा जॅझ) आणि बीबॉपमध्ये, एकेकट्याच्या सोलोला महत्त्व आलं आणि बाकीचे साथीदार झाले. फ्री जॅझवाल्यांनी, म्हणजे टेलर, शेप यांच्यासारख्या ठरावीक चौकटीबाहेर वाजवणाऱ्यांनी, पुन्हा सगळ्यांना एकत्र बोलायला लावलं. हे ज्याला आधीपासून येत होतं तो डिक्सीलँडवाला. येलच्या त्या बँडात रड नेमकं हेच रोज करत होता.

तुमची मतं जरूर लिहा. विरोधीही चालतील.

---

मध्यलय

वा! फिल्म पाहिली आहे, मोटारीतली पोरं आठवतात, पण त्यातला एक रड हे माहीत नव्हतं. आज रात्री पुन्हा बघणार.

---

वरातवाला

पितळीदादा, धागा आवडला. मी लग्नसराईत ट्रम्पेट वाजवतो, आमचा बँड आहे. एक शंका आहे. आमच्याकडे गाणं सुरू झालं की ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्स सगळे तीच चाल धरतात. आवाज मोठा येतो, चाल लांबपर्यंत ओळखू येते. तुम्ही म्हणता इथे सगळे एकाच वेळी उपज करतात, म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन असे तिघं तीन वेगळ्या गोष्टी वाजवतात, आणि तेही आधी न ठरवता. मग गोंगाट कसा होत नाही? आमच्यात एकाने जरी वेगळं वाजवलं तरी मास्तर डोळे वटारतात.

---

पितळी_सूर

वरातवाला, तुम्ही स्वतः वाजवता म्हणून प्रश्न बरोबर जागी पडला. जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, सगळ्यांना कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा) क्रम पाठ असतो. ब्लूज असेल तर १२ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), गाणं असेल तर बहुधा ३२. तुमच्या डोक्यात आवर्तन चालू असतं तसं त्यांच्या डोक्यात ते चक्र फिरत असतं. कितव्या बारला कुठली कॉर्ड बदलणार हे माहीत असल्याने तिघंही एकाच जमिनीवर उभे असतात.

दुसरी गोष्ट, जागा वाटून घेतलेल्या असतात. कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) किंवा ट्रम्पेट मधल्या पट्टीत, मूळ चाल त्याच्याकडे. तो ती सरळ वाजवत नाही, थोडी पुढेमागे ढकलतो, पण ऐकणाऱ्याला ओळखू येईल इतकी ठेवतो. क्लॅरिनेट त्याच्या वर, बारीक आणि पळत्या स्वरांत. ट्रॉम्बोन खाली. कॉर्ड बदलते तिथला पायाचा स्वर तो दाखवतो आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना नळी सरकवत मींडेसारखा ओढून नेतो.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते हीच खरी. कॉर्नेटवाला चालीच्या ओळीच्या शेवटी श्वास घेतो, लांब स्वर धरतो. त्या फटीत क्लॅरिनेट शिरतं. क्लॅरिनेटचं वाक्य संपत आलं की ट्रॉम्बोन खालून उठतो. चांगल्या बँडात कॉर्नेटवाला मुद्दाम कमी वाजवतो. ज्या बँडात तिघंही सतत वाजवतात तिथे तुम्ही म्हणता तसा गोंगाटच होतो, आणि असे बँडही पुष्कळ होते.

मागे पियानो किंवा बँजो, टुबा किंवा बास, आणि ड्रम. मध्ये एकेकाचे सोलो होतात आणि शेवटच्या फेरीत पुन्हा सगळे मिळून.

ट्रॉम्बोनच्या या पद्धतीला टेलगेट म्हणतात. न्यू ऑर्लीन्समध्ये नाचाची जाहिरात करायला बँड गाडीवर बसवून गल्लोगल्ली फिरवत. ट्रॉम्बोनची नळी पुढे लांब जाते, कुणाच्या पाठीत लागायला नको म्हणून तो वादक गाडीच्या मागच्या फळीशी बसे. किड ओरी हा या पद्धतीचा मोठा वादक. रडचा ट्रॉम्बोन १९६०च्या दशकातल्या सगळ्यात मोकळ्या वादनातही ऐकलात तर ते गुरगुरणं, ती ओढ, ते फेकलेले स्वर ओरीच्या घराण्यातले आहेत हे तुम्हाला लगेच कळेल. तुमचा कान पितळेचा आहे.

---

इतिहासवेडी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. बँडच्या नावातला एली म्हणजे एलिहू येल. येलच्या विद्यार्थ्यांना आजही ‘एली’ म्हणतात. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १६७२ मध्ये मद्रासला आला आणि १६८७ ते १६९२ फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. खाजगी व्यापारातून अफाट पैसा केला आणि त्यावरूनच त्याचं पद गेलं. मद्रासहून चालणाऱ्या गुलामांच्या व्यापारातही त्याचा हात होता. १७१८ मध्ये त्याने न्यू हेवनच्या एका लहानशा शाळेला कापडाचे गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि पहिल्या जॉर्ज राजाचं चित्र पाठवलं. माल विकून आलेल्या पैशांतून इमारत झाली आणि शाळेला त्याचं नाव मिळालं.

आता आपल्याशी संबंध. राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० मध्ये, कंपनीने कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झाला. त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर हाच येल! करारात असं होतं की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथपर्यंतची जमीन इंग्रजांची. मराठ्यांना मोगलांशी लढायला पैसा हवा होता. त्या सौद्याचा दुसरा पक्ष ज्याच्या सहीने चालत होता त्याचं नाव अडीचशेपेक्षा जास्त वर्षांनी एका जॅझ बँडला मिळालं.

---

पितळी_सूर

इतिहासवेडी, हे अवांतर अजिबात नाही. हा बँड मी इतकी वर्षं ऐकतोय आणि त्याच्या नावामागे जिंजी आहे हे आज कळलं. मनापासून आभार.

---

नीलस्वर

धागा चांगला आहे, पण मला दोन गोष्टी पटत नाहीत.

एक. १९५८ म्हणजे कुठला काळ ते बघा. त्याच फिल्ममध्ये चिको हॅमिल्टनच्या बँडात एरिक डॉल्फी वाजवतोय. मंक आहे. जॅझ कुठे पोचला होता आणि ही पोरं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या तबकड्यांची नक्कल करत होती. त्याला मूळ वगैरे म्हणणं जास्त होतंय.

दोन. न्यू ऑर्लीन्सचं संगीत कृष्णवर्णीयांनी घडवलं. ते श्रीमंत गोऱ्या मुलांनी फुटबॉलच्या सामन्यांना मजा म्हणून वाजवायचं, आणि बड्या कंपनीने अल्बम काढायचा तोही त्यांचा. हा भाग तुमच्या लेखात अगदीच दबून गेलाय.

---

पितळी_सूर

नीलस्वर, दुसऱ्या मुद्द्याबद्दल आधी, कारण तो जास्त गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. जॅझची पहिली तबकडी १९१७ मध्ये निघाली तीही गोऱ्या बँडची. ज्यांनी हे घडवलं त्यांना मागे ठेवून दुसऱ्यांनी नाव कमावणं या संगीताच्या जन्मापासून चालू आहे आणि १९५०च्या दशकातली विद्यापीठं त्याला अपवाद नव्हती.

पण याच रस्त्यावर हर्बी निकल्स भेटतो. कृष्णवर्णीय पियानोवादक, विलक्षण प्रतिभेचा रचनाकार. १९५५-५६ मध्ये ब्लू नोट कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्या फारशा खपल्या नाहीत. पोट भरायला त्याला डिक्सीलँड बँडात पियानो वाजवावा लागे, आणि स्वतःच्या रचना ऐकायला कुणी नसे. न्यूयॉर्कमध्ये रड त्याला भेटला तो अशाच कामांच्या निमित्ताने. निकल्सच्या घरी बसून रडने त्याच्या रचना शिकून घेतल्या. १९६३ मध्ये निकल्स वारला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. पुढे सगळं आयुष्य रड त्याच्या रचना वाजवत राहिला. १९८२ मध्ये स्टीव्ह लेसी, मिशा मेंगेलबर्ग यांच्याबरोबर ‘रिजनरेशन’ केला, त्यात निकल्स आणि मंक यांच्याच रचना आहेत. २००० मध्ये निकल्सच्या अप्रकाशित रचनांची स्वरलिपी छापून आणली. त्या अन्यायाची ही भरपाई नाही. पण एका मोठ्या माणसाचं काम त्याच्यामुळे वाचलं, आणि दोघांची भेट डिक्सीलँडच्या नोकरीत झाली.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. नक्कल करणारे बँड शेकडो होते. त्यातल्या एकाच विद्यार्थी बँडातून दोन जण सेसिल टेलरपर्यंत जातात, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. टेलरजवळ जाणाऱ्या बीबॉपवाल्याला पहिली अडचण ही येई की सोलो कुणाचा आणि साथ कुणाची हे तिथे ठरलेलं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या वादनातून आलेल्याला ही अडचण मुळात नाहीच.

---

नीलस्वर

निकल्सची गोष्ट सांगितलीत ते बरं केलंत. आणि प्रामाणिकपणे एक पुरावा तुमच्या बाजूचा मीच देतो. स्टीव्ह लेसी. सिडनी बेशे ऐकून त्याने सोप्रानो सॅक्स हाती घेतला, सुरुवात जुन्या न्यू ऑर्लीन्स आणि शिकागोच्या वादकांबरोबर केली आणि तिथून थेट टेलरच्या चौकडीत. ‘जॅझ अ‍ॅडव्हान्स’ वर नाइडलिंगरच्या शेजारी तोच आहे. १९५७ मध्ये ही चौकडी न्यूपोर्टला वाजवून गेली होती. म्हणजे तुमच्या मोटारीतल्या पोरांच्या आदल्याच वर्षी त्यांचाच जुना बासवाला त्याच गावात टेलरबरोबर होता. बीबॉप अजिबात न करता जुन्याकडून नव्याकडे उडी मारणारे हे तिघं झाले. तरीही ऑर्नेट कोलमन, डॉल्फी, कोल्ट्रेन हे वेगळ्या वाटांनी आले आणि मुख्य वाट तीच, हे माझं मत कायम आहे.

---

सायली_कनेटिकट

न्यू हेवनच्या जवळच राहते, म्हणून थोडी भर. १९५०च्या दशकात येलमध्ये जॅझ शिकवला जात नव्हता. संगीत विभागात पॉल हिंडेमिथसारखा मोठा जर्मन संगीतकार १९५३ पर्यंत होता, पण जॅझ वाजवायचा तर मुलांनी आपापला. पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेशच १९६९ मध्ये मिळाला, त्यामुळे असा बँड पोरांचाच असणार हे ओघाने आलं.

नीलस्वर यांनी वर्णाचा मुद्दा काढला त्यावरून सांगते. हिंडेमिथच्याच हाताखाली विली रफ हा कृष्णवर्णीय फ्रेंच हॉर्नवादक शिकला. पुढे तो येलला शिकवायला परत आला आणि १९७२ मध्ये त्याने ड्यूक एलिंग्टनच्या नावाने उपक्रम सुरू केला. त्या सोहळ्याला एलिंग्टन, मिंगस, गिलेस्पी, मेरी लू विल्यम्स, युबी ब्लेक असे दिग्गज आले. गिलेस्पीच्या कार्यक्रमात बॉम्बची धमकी आली, सभागृह रिकामं केलं गेलं, पण मिंगस उठेना. तो आत एकटा बास वाजवत बसला आणि एलिंग्टन बाहेर रस्त्यावर उभा राहून ऐकत होता. ही आठवण रफने सांगून ठेवली आहे. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमननेही आपला संग्रह येललाच दिला. ज्या विद्यापीठात जॅझ मुलांच्या मोटारीतून हिंडत होता तिथे त्याला इतकं मानाचं स्थान मिळायला विली रफसारखा माणूस यावा लागला.

---

काठावरचा

विद्यार्थ्यांचे जुन्या जॅझचे बँड म्हटल्यावर जपान आलंच पाहिजे. टोकियोच्या वासेदा विद्यापीठात न्यू ऑर्लीन्स जॅझ क्लब आहे. त्यातून योशिओ तोयामा हा ट्रम्पेटवादक आला, तो आर्मस्ट्राँगचा निस्सीम भक्त. १९६८ मध्ये पत्नी केइको हिच्यासह न्यू ऑर्लीन्सला जाऊन राहिला आणि म्हाताऱ्या वादकांकडून शिकला. केइकोबाई बँजो आणि पियानो वाजवतात. १९९४ मध्ये त्यांनी संस्था काढून न्यू ऑर्लीन्सच्या गरीब मुलांना वाद्यं पाठवायला सुरुवात केली. २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या केसेन्नुमा गावच्या मुलांच्या बँडची वाद्यं वाहून गेली तेव्हा न्यू ऑर्लीन्सकरांनी मदत करून त्यांना नवी वाद्यं दिली. पितळीसाहेब, तुमचे येलवाले नव्याकडे गेले, हे दोघं जुन्याशीच राहिले. दोन्ही मला सारखेच प्रिय.

---

मध्यलय

फिल्म पुन्हा पाहिली. या वेळी नजर ट्रॉम्बोनवरच होती! रडचं पुढे काय झालं? आणि नवख्याने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

---

पितळी_सूर

काठावरचा, तोयामांवर वेगळा धागा काढा, वाट बघतो.

मध्यलय, रडने बरीच वर्षं लोकसंगीताचा संशोधक अ‍ॅलन लोमॅक्स याच्याबरोबर जगभरच्या गायनपद्धतींचा अभ्यास केला. काही काळ बार्ड कॉलेजात आणि मेन विद्यापीठात शिकवलं. १९८०च्या दशकात कॅट्सकिल डोंगरातल्या एका हॉटेलच्या बँडात नोकरी केली, त्या काळात बाहेर त्याचं नाव फारसं ऐकू येत नव्हतं. मग साठी ओलांडल्यावर पुन्हा बहरला. मालीच्या तुमानी जाबातेच्या कोरा या वीणेसारख्या तंतुवाद्याबरोबर ‘मालीकूल’ केला, मंगोल-बुर्यात गायकांबरोबर ‘ब्लू मंगोल’ केला. २०१७च्या डिसेंबरात गेला. नाइडलिंगर पुढच्या मार्चमध्ये.

ऐकण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवा. आधी आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हच्या १९२५ नंतरच्या तबकड्या, त्यातला किड ओरीचा ट्रॉम्बोन कानात बसू द्या. मग एलीज चोझन सिक्सचा कोलंबियाचा अल्बम मिळाला तर तो. त्यानंतर ‘स्कूल डेज’. हा १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉफी हाऊसमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९७५ पर्यंत बाहेर आलाच नाही. लेसी आणि रड, मागे हेन्री ग्राइम्सचा बास, डेनिस चार्ल्सचे ड्रम, आणि सगळ्या रचना मंकच्या. रडचा सोलो चालू नसतानाही त्याच्यावरून कान काढू नका, लेसीच्या मागे तो काय करतोय ते ऐका. शेवटी ‘न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट’चा पहिला अल्बम. तो पहिल्यांदा ऐकताना अवघड गेला तर मोठ्या आवाजात लावा आणि फक्त ट्रॉम्बोनच्या मागे जा.

वरातवाला, तुम्हीही ‘स्कूल डेज’ नक्की ऐका. ऐकून झालं की तुमच्या क्लॅरिनेटवाल्याला एका गाण्याच्या शेवटच्या फेरीत मोकळं सोडून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.

---

वरातवाला

मास्तरांना विचारतो. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, त्याआधी सरावात करून बघू. कुठलं गाणं घ्यावं, सुचवा.

---

पितळी_सूर

ज्याची चाल सगळ्यांना पाठ आहे आणि ओळींच्या शेवटी लांब स्वर आहेत असं कुठलंही. लय मध्यम ठेवा. ट्रम्पेट तुम्ही धरा आणि चाल सोडू नका.